गाडी जुनी, मग इन्शुरन्स महाग का? पाटोद्यातल्या जुन्या जीप-बोलेरोचं विम्याचं गणित

पाटोदा बसस्थानकाबाहेर दोन बोलेरो उभ्या आहेत असं समजा. पहिली २००६ ची. पत्रा चार ठिकाणी ठोकून सरळ केलेला, बाजारात नेली तर दीड लाखाच्या वर कुणी बोलणार नाही. दुसरी २०२२ ची, चकाचक, बँकेचे हप्ते अजून चालू. दोन्ही घरच्या वापराच्या, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या.

आता सांगा, कायद्यानं सक्तीचा असलेला थर्ड पार्टी इन्शुरन्स कुणाला जास्त पडेल?

उत्तर आहे, जुनीला. आणि थोडाथोडका नाही, दुपटीपेक्षा जास्त. जुन्या बोलेरोला जीएसटी धरून वर्षाला साधारण ९,३१८ रुपये, नवीला ४,०३१ रुपये. पहिल्यांदा ऐकलं की एजंटनं फसवलं असंच वाटतं. पण हा दर एजंट ठरवत नाही आणि कंपनीही ठरवत नाही. तो सरकार ठरवतं, आणि ठरवताना गाडीचं वय बघतच नाही.

(एक खुलासा आधीच करतो. आदर्श गाव म्हणून गाजलेलं पाटोदा वेगळं, ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. आपण बोलतोय बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याबद्दल. बालाघाटच्या डोंगररांगा, मांजरा नदीचा उगम, सौताड्याचा धबधबा आणि एमएच-२३ पासिंगच्या गाड्या असलेला.)

या भागात ‘जीप’ हा शब्द कंपनीचं नाव म्हणून कुणी वापरत नाही. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो, सगळ्या जीपच. वाड्या-वस्त्यांवर जायला, दवाखान्यात पेशंट न्यायला, लग्नाचं वऱ्हाड हलवायला, दसऱ्याला सावरगाव घाटाला भगवान भक्तीगडावर जायला हीच गाडी. शहरात ज्याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात, ते इथं रोजचंच आहे, त्याला वेगळं नाव नाही. म्हणून या गाड्या वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं चालतात. आणि म्हणूनच त्यांच्या इन्शुरन्सचा प्रश्न इथं शौकाचा नसून घरखर्चाचा आहे.

दर ठरतो कशावर?

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिला तुम्ही, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो, ज्याला तुमच्या गाडीनं धडक दिली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा नसेल तर गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवताच येत नाही. पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४,०००.

तुमची गाडी दीड लाखाची आहे की पंधरा लाखांची, याचा धडक बसलेल्या माणसाशी काही संबंध नाही. जुन्या जीपखाली सापडलेला माणूस नव्या थारखाली सापडलेल्या माणसाइतकाच जखमी होतो. म्हणून दर लावताना गाडीची किंमत धरत नाहीत, इंजिनाचा आकार धरतात. खासगी चारचाकीसाठी तीनच गट आहेत. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरपत्रकानुसार १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. यावर १८ टक्के जीएसटी. (पॉलिसी काढताना चालू दर एकदा तपासा, सरकार ते बदलू शकतं.)

मधल्या आणि वरच्या गटातली उडी बघा. १,४९९ सीसी असेल तर ३,४१६ आणि १,५०१ झालं की ७,८९७. आणि जुन्या जीपचं दुर्दैव असं की त्या जवळपास सगळ्या या रेषेच्या पलीकडं आहेत. जुनी बोलेरो २,५२३ सीसी. एमएम ५४० मधलं प्युजोचं डिझेल इंजिन २,११२ सीसी. जुनी सुमो १,९४८ सीसी. २०१० मध्ये आलेली पहिली थार २,४९८ किंवा २,५२३ सीसी.

मग नवी बोलेरो स्वस्त कशी? कारण २०१६ मध्ये महिंद्रानं बोलेरो पॉवर प्लस आणली तेव्हा गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १,४९३ सीसीवर आणलं. हे इन्शुरन्ससाठी केलेलं नव्हतं. चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला ‘छोटी कार’ म्हणून कमी कर लागायचा, त्यासाठी केलं होतं. पण त्याचा फायदा इन्शुरन्समध्येही झाला. २०२३ मध्ये आलेली मागच्या चाकांवर चालणारी १,४९७ सीसीची डिझेल थारही याच स्वस्त गटात बसते. म्हणजे शोरूममधून परवा आलेल्या थारचा थर्ड पार्टीचा वार्षिक दर तुमच्या आजोबांच्या कमांडरच्या निम्म्यापेक्षाही कमी. (नवी गाडी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो, ती गोष्ट वेगळी.)

या सगळ्यात एकच जुनी गाडी नशीबवान निघाली, ती म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची, म्हणजे सगळ्यात खालचा गट, जीएसटीसह २,४७१ रुपये. नंतरची जिप्सी किंग १,२९८ सीसीची, म्हणजे मधला गट. फोर बाय फोर, डोंगर चढणारी, आणि इन्शुरन्स अल्टोच्या रांगेतला. अर्थात जिप्सी पेट्रोल पिते, त्यामुळं इथं वाचवलेले पैसे पंपावर जातात.

एक गोष्ट मात्र सरकारच्या बाजूनं सांगायला हवी. १,५०० सीसीवरचा हा दर २०१९ मध्ये ७,८९० होता, २०२२ मध्ये ७,८९७ झाला. वाढ सात रुपयांची. “दरवर्षी इन्शुरन्स वाढतोय” ही तक्रार निदान जुन्या जीपच्या थर्ड पार्टीपुरती खरी नाही.

‘फर्स्ट पार्टी’ काढून उपयोग आहे का?

गावाकडं ज्याला फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात, त्याचं कागदावरचं नाव पॅकेज पॉलिसी. यात थर्ड पार्टी असतोच, शिवाय तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर हेही येतं. या स्वतःच्या नुकसानीच्या भागाला ओन डॅमेज किंवा ओडी म्हणतात. त्याचा दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात.

ओडीत गाडीची किंमत मोजली जाते. पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ म्हणून आकडा असतो तो हाच. पहिली पाच वर्षं ही किंमत ठरलेल्या टक्क्यांनी उतरते, पाचव्या वर्षाच्या शेवटी निम्म्यावर येते. त्यानंतर मात्र कोष्टक संपतं. गाडीमालक आणि कंपनी यांच्यात ठरेल ती किंमत. थोडक्यात, वीस वर्षांच्या जीपची आयडीव्ही ही घासाघीस करायची गोष्ट आहे, आणि बहुतेक लोक ती करत नाहीत, एजंट टाकेल तो आकडा चालतो.

दीड लाखाच्या जीपचं उदाहरण घेऊ. दहा वर्षांवरच्या, १,५०० सीसीवरच्या गाडीसाठी जुन्या मोटार टॅरिफमध्ये मोठी शहरं सोडून बाकी भागाचा दर आयडीव्हीच्या ३.५९४ टक्के होता. कंपन्या आजही हा आकडा आधाराला धरतात आणि त्यावर सूट देतात. सूट नसेल तर ओडी होते ५,३९१ रुपये. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ आणि जीएसटी मिळवला की १५,६८० च्या आसपास. म्हणजे नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा वर्षाला सहा-साडेसहा हजार जास्त.

बदल्यात काय मिळतं? इथं जुन्या गाडीचा दुसरा तोटा समोर येतो. क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या पार्टची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापते. गाडी दहा वर्षांच्या वर गेली की लोखंडी-पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के कपात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर गाडी नवी असली तरी ५० टक्केच. काचेवर मात्र शून्य. समजा घाटात जीप कठड्याला घासली आणि २०,००० चं बिल झालं, त्यात १२,००० चा पत्रा आणि ८,००० मजुरी. कंपनी पत्र्याचे ६,००० आणि मजुरीचे ८,००० धरणार, त्यातून १,५०० सीसीवरच्या गाडीला सक्तीची २,००० ची वजावट. हातात १२,०००. उरलेले आठ हजार तुमचे. ही कपात टाळणारं ‘झिरो डेप’ नावाचं जोडकव्हर जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला तर बऱ्याच कंपन्या पॅकेज पॉलिसीच नाकारतात किंवा आधी गाडी तपासायला मागतात.

एवढ्या हिशोबावर बहुतेक जण म्हणतात, मरू दे, थर्ड पार्टी टाक. पत्र्यापुरतं बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. दीड लाखाच्या गाडीचा पत्रा वाचवायला दरवर्षी सहा हजार घालण्यात फार शहाणपण नाही, हे माझंही मत. पण पॅकेज पॉलिसीत पत्र्याशिवाय आणखी एक गोष्ट असते, आणि ती एजंट क्वचितच सांगतो.

आत बसलेल्यांचं काय?

जीपमध्ये तुमच्या बाजूला आणि मागं बसलेली माणसं ‘थर्ड पार्टी’ आहेत का?

सगळ्यांना वाटतं, आहेत. पण सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तिलक सिंग खटल्यात सांगितलं की नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, जिला कोर्टाच्या भाषेत ‘ॲक्ट पॉलिसी’ म्हणतात, खासगी वाहनावर फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. तो खटला स्कूटरवर मागं बसलेल्याचा होता. पुढं बालकृष्णन खटल्यात याच न्यायालयानं कारबद्दल फरक स्पष्ट केला. पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीत बसलेली माणसं कव्हर होतात, ॲक्ट पॉलिसी असेल तर नाही. विमा नियामकानं २००९ मध्येच कंपन्यांना कळवलं होतं की पॅकेजमध्ये खासगी कारमधले लोक धरलेलेच आहेत.

आता हे पाटोद्यात आणून बघा. थर्ड पार्टी असलेली जुनी जीप, आत घरचे-भावकीतले आठ जण, निघाले लग्नाला. जीप उलटली. रस्त्यावरून चाललेल्या माणसाला लागलं तर कंपनी देईल, आणि मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला आज वरची मर्यादाही नाही, न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम. पण आतल्या आठ जणांच्या भरपाईचा आदेश झाला तर तो थेट गाडीमालकाच्या नावावर. वाचवलेले सहा हजार या ठिकाणी महाग पडतात.

मधला मार्ग आहे. थर्ड पार्टी पॉलिसीलाच प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात कव्हर जोडून मिळू शकतं, माणशी जास्तीत जास्त दोन लाखांपर्यंत. ही रक्कम ठरलेली असते, कोर्टाच्या भरपाईची जागा ती घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या जबाबदारीचं कव्हर जेमतेम ५० रुपयांत जोडलं जातं. मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स असेल तर १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर सक्तीचं आहे. पॉलिसीवर ते खरंच आहे का बघा. आधीच तसा अपघात विमा आहे असं लिहून देऊन ते वगळता येतं, आणि चार-पाचशे रुपये कमी दाखवण्यासाठी तसं परस्पर लिहून दिलेलं असू शकतं.

आणि भाडं घेतलं तर?

इथं खरी अडचण आहे. एसटी जिथं दिवसातून दोनदा येते तिथं जीपच चालते. काळी-पिवळी परवान्याची असेल तर ठीक. पण पांढऱ्या पाटीची जीप, माणशी वीस-तीस रुपये घेऊन, हे दृश्य मराठवाड्यात कुणाला नवं नाही.

मालक असं का करतो ते आकड्यात बघा. नऊ प्रवाशांची परवानगी असलेली जीप प्रवासी वाहन म्हणून नोंदवली तर थर्ड पार्टीचा मूळ दर १४,३४३ रुपये, वर प्रत्येक प्रवाशामागं ८७७. नऊ जणांचे ७,८९३. बेरीज २२,२३६, जीएसटीसह २६,२३८. खासगीचे ९,३१८. फरक वर्षाला जवळपास १७,००० रुपयांचा. त्यात परमिट, दरवेळचं फिटनेस, टॅक्स वेगळं. ज्या जीपची किंमतच दीड लाख, तिच्या मालकाला हा फरक झेपत नाही, म्हणून पाटी पांढरीच राहते.

पण खासगी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्यानं वापर चालणार नाही. कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला ज्या मोजक्या बचावांची मुभा आहे, त्यात परवान्याशिवाय भाड्यानं चालवणं हा एक आहे. अपघातानंतर एखाद्या प्रवाशानं पोलिसांच्या जबाबात “तीस रुपये दिले होते” एवढं सांगितलं की कंपनीचं काम झालं. कधी कंपनी पूर्ण सुटते. कधी न्यायालय जखमींचा विचार करून तिला म्हणतं, आधी तुम्ही भरा, मग मालकाकडून वसूल करा. दोन्हीकडं शेवटचं बिल मालकाच्या घरी येतं.

आणि ते येतं कसं, हे माहीत असावं. मोटार अपघात न्यायाधिकरणानं ठरवलेली रक्कम मालकानं भरली नाही तर कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कोरडवाहू भागात चार-पाच एकरांच्या मालकासाठी याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. पॉलिसी नसलेल्या गाडीलाही हेच लागू, तिथं तर मधे कंपनीच नाही. आणि अशा गाड्या थोड्या नाहीत. देशातली निम्म्याहून अधिक वाहनं विम्याशिवाय आहेत असं संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं २०२४ मध्ये नोंदवलं आहे.

ओढा, शेत आणि बदललेलं इंजिन

थर्ड पार्टीची सक्ती ‘सार्वजनिक ठिकाणा’साठी आहे, आणि सार्वजनिक म्हणजे जिथं लोकांना जायचा हक्क आहे ती जागा. डांबर असलंच पाहिजे असं नाही. गावाची गाडीवाट, पाणंद, यात्रेचं मैदान यात येतं. कुंपणातल्या स्वतःच्या शेतात अपघात झाला तर मात्र वाद उभा राहू शकतो.

पावसाळ्यात सौताड्याकडं किंवा कुठल्याही ओढ्यात जीप घालणाऱ्यांसाठी एक सूचना. ओडी असेल तर पुराचं नुकसान कव्हर होतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिन बसलं, तर ते सहसा धरलं जात नाही. त्यासाठीचं वेगळं इंजिन कव्हर जुन्या गाडीला मिळणं अवघड. शर्यत किंवा गाडीची क्षमता तपासणारी स्पर्धा तर पॉलिसीतून सरळ वगळलेली आहे. ग्रुप करून ऑफ-रोडिंगला जाणाऱ्यांनी हे वाक्य आपल्या पॉलिसीत शोधून वाचावं.

जुन्या जीपमध्ये मूळ इंजिन राहिलेलं असेल तर नवल. पेट्रोलची डिझेल झालेली असते, हुड काढून पत्र्याचं टप टाकलेलं असतं, टायर मोठे असतात. कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडक केलं. आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशा गाडीचा ओडी क्लेम सर्व्हेअर पहिल्याच दिवशी बाजूला ठेवतो.

पंधरा वर्षं झाली की पासिंग पुन्हा करावं लागतं, मग दर पाच वर्षांनी. हलक्या चारचाकीची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मधल्या दुरुस्तीनं ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. पासिंगला चालू इन्शुरन्स लागतो, त्यामुळं काही लोक फक्त पासिंगच्या वर्षी पॉलिसी काढतात आणि मधली चार वर्षं तशीच फिरतात. ती चार वर्षं कलम १७४ च्या तोंडाशी असतात.

व्हिंटेज म्हणून सूट मिळते का, असाही प्रश्न येतो. मिळते. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या कारला थर्ड पार्टीत ५० टक्के. पण २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात हवी, नवीन नोंदणीची फी २०,००० आणि मग रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. साडेतीन-चार हजार वाचवायला जीप घरात उभी करायची, हे आपल्याकडं कुणाला पटणार नाही.

विकली तरी सुटका नाही

जुनी जीप एका हातात राहत नाही. बाजारात सौदा होतो, शंभर किंवा पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेतात, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या होतात आणि गाडी जाते. घेणारा ती तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. आरसीवर नाव पहिल्याचंच.

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात नेमकं हेच प्रकरण बघितलं. कार एकामागून एक हातांत गेली होती, अपघात झाला तेव्हा आरटीओच्या नोंदीत नाव मूळ मालकाचं होतं. न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. बॉण्डवरच्या लिखाणानं जखमी माणसाचा हक्क बदलत नाही.

कलम १५७ नुसार गाडी विकल्यावर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडं गेला असं धरलं जातं, पण घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडं नाव बदलायला अर्ज करायचा असतो. म्हणून विकणाऱ्यानं टीटी फॉर्म समोरच्याच्या हातात देऊन मोकळं होऊ नये. आरसीवर नाव बदललं का, ते एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून स्वतः बघावं. तिथंच इन्शुरन्स कधीपर्यंत आहे तेही दिसतं. व्हॉट्सॲपवर आलेली पॉलिसीची पीडीएफ खरी की बनावट हे तपासायलाही ते उपयोगी पडतं.

पॉलिसी हातात आली की नाव आणि तारीख बघून आपण ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. त्याऐवजी त्यावरची सीसी, आसनसंख्या आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, आणि वेळ बघा. हो, वेळ. पॉलिसी ज्या मिनिटापासून सुरू होते ते मिनिट तिच्यावर छापलेलं असतं. १९९१ मधल्या एका अपघातात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी गाडीनं धडक दिली आणि मालकानं त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी विमा काढला. तारीख एकच होती, पण सुनीता राठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मधली ३५ मिनिटं मोजली आणि कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. भरपाई मालकाकडं राहिली.